मुंबई–पुणे विमानाने किती वेळ? जवळच्या दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते पुणे विमानाने किती वेळ लागतो, असं विचारलं तर कोणी नऊ मिनिटं सांगेल, कोणी अर्धा तास, कोणी एक तास. तिकिटाच्या अ‍ॅपवर कधी कधी सात-आठ तासही दिसतील. यातलं एकही उत्तर खोटं नाही, पण प्रत्येकाने वेगळीच गोष्ट मोजलेली असते. प्रवाशाला हवा असतो घरातून निघाल्यापासून मुक्कामाच्या दारात पोहोचेपर्यंतचा वेळ, आणि तो यातल्या एकाही आकड्यात नसतो.

हा वेळ घरबसल्या काढता येतो. मोबाइलवरचा नकाशा आणि कागद-पेन्सिल पुरेशी आहे. मुंबई–पुणे जोडी उदाहरणाला घेऊन सगळा हिशेब खाली मांडला आहे. तोच कोल्हापूर, नाशिक, गोवा अशा कुठल्याही जोडीला लावून पाहा.

पहिली पायरी: कुठून कुठे, हे नेमकं ठरवा

मुंबई–पुणे अंतर 150 किमी असं आपण सवयीने म्हणतो. पण मुंबई म्हणजे कुलाबा की बोरिवली? पुणे म्हणजे हडपसर की निगडी? या दोन टोकांमुळेच 40-50 किमीचा फरक पडतो. द्रुतगती मार्ग कळंबोली ते किवळे असा 94.5 किमीचा आहे, म्हणजे उरलेलं सगळं अंतर शहरांच्या पोटातलं. वेळही तिथेच जातो. रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे जंक्शन अंतर 192 किमी आहे, कारण गाडी कल्याण-कर्जतवरून वळसा घेते आणि बोरघाट चढते. विमानाचं अंतर मोजायचं ते विमानतळापासून विमानतळापर्यंत, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून पुण्याच्या लोहगावपर्यंत.

म्हणून कागदावर चार ठिकाणं लिहा: तुमचं घर, निघायचा विमानतळ, उतरायचा विमानतळ आणि जिथे पोहोचायचं ते ठिकाण. पुढचा सगळा हिशेब या चार बिंदूंमधल्या तीन तुकड्यांचा आहे.

दुसरी पायरी: सरळ रेषेतलं अंतर काढा

सोपा मार्ग असा. संगणकावर गूगल मॅप्स उघडून पहिल्या विमानतळावर उजवं क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. हवाई अंतर लगेच दिसतं. पण एकदा हाताने काढून पाहा, म्हणजे हा आकडा येतो कुठून ते कळतं आणि पुढे कुणी भलताच आकडा सांगितला तर तो खटकतो.

त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हवेत. नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की ते मिळतात. मुंबई विमानतळ साधारण 19.089 उत्तर, 72.868 पूर्व. लोहगाव 18.582 उत्तर, 73.920 पूर्व.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक 0.507 अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किमी, तेव्हा दक्षिणेकडे 56 किमी. रेखांशांतला फरक 1.052 अंश. रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून त्यांचं अंतर जागेनुसार बदलतं. गोव्याच्या पातळीवर एक अंश सुमारे 107 किमी भरतो, नागपूरच्या पातळीवर सुमारे 104. महाराष्ट्रासाठी सरसकट 105 धरलं तरी चालतं. म्हणजे पूर्वेकडे 110 किमी. दोन्ही बाजू मिळाल्या, की शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय: 56 चा वर्ग अधिक 110 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं साधारण 124 किमी.

विमानवाले हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल 1.852 किमीचा, म्हणून हे झाले 67 सागरी मैल.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचं प्रमेय कसं चालेल, ही शंका रास्त आहे. पाच-सहाशे किमीपर्यंत या पद्धतीत पडणारा फरक किरकोळ असतो. मुंबई–लंडनसाठी मात्र ही पद्धत वापरू नका.

तिसरी पायरी: 124 भागिले 800 का चालत नाही

आपली बहुतेक फसगत इथे होते. एअरबस ए320 किंवा बोइंग 737 उंचावर ताशी 800 किमीहून जास्त वेगाने जातं, हे खरं. 124 ला 800 ने भागलं की नऊ मिनिटं येतात, हेही खरं. पण मुंबई–पुणे मार्गावर विमान तो वेग गाठतच नाही.

पहिलं कारण उंची. तो वेग तीस-पस्तीस हजार फुटांवरच्या विरळ हवेतला आहे. तिथे चढायचं आणि उतरायचं, तर त्यालाच मोठं अंतर लागतं. उतरताना वैमानिकांचा ढोबळ नियम असा, की दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल हवेत. समजा, विमान 13,000 फुटांपर्यंत चढलं. लोहगाव समुद्रसपाटीपासून जवळपास 1,950 फुटांवर आहे, म्हणजे 11,000 फूट उतरायचं. त्याला 33 सागरी मैल लागतात. चढायला वीस-पंचवीस मैल लागले. एकूण अंतर 67 मैलांचं. वर सरळ उडायला उरलं काय? चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. या मार्गावर सीटबेल्टचा दिवा फार वेळ विझलेला दिसत नाही, तो यामुळेच.

दुसरं कारण वेगमर्यादा. 10,000 फुटांच्या खाली विमानाने साधारण 250 नॉटच्या, म्हणजे ताशी 463 किमीच्या आत राहायचं असतं. आपल्या प्रवासाचा मोठा भाग याच थरात जातो. त्यामुळे एवढ्या छोट्या टप्प्यावर पंख्याचं एटीआर 72 आणि जेट एअरबस यांच्या वेळेत नावापुरताच फरक पडतो. हजार किमीच्या मार्गावर एटीआर मागे पडेल, इथे नाही.

तिसरं कारण मार्ग. विमान वाऱ्याला तोंड करून उडतं आणि उतरतं. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो, म्हणून मुख्य धावपट्टीवरून विमानं पश्चिमेला, अरबी समुद्राच्या दिशेने झेपावतात. पुणे आहे पूर्व-आग्नेयेला. म्हणजे आधी समुद्रावर जायचं, मग वळून सह्याद्रीकडे यायचं. पुण्याजवळ आल्यावर धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी आणखी वळसा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. लष्करी विमानांची वर्दळ असली, की नागरी विमानाला थांबावं लागतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. जवळजवळ सगळा भार एका वेळी एकाच धावपट्टीवर पडतो. मुंबईला उतरताना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

या सगळ्यासाठी मी सरळ अंतरात 40 किमी मिळवतो. हा काही सरकारी नियम नव्हे, पण आपल्याकडच्या छोट्या मार्गांना तो बरा लागू पडतो.

चौथी पायरी: विमानाचा वेळ

आता सरासरी वेग निवडा. सरळ अंतर 200 किमीच्या आत असेल तर ताशी 350 किमी धरा, मग विमान कोणतंही असो. तीन-चारशे किमीच्या मार्गावर जेटसाठी 550 आणि एटीआरसाठी 400 धरा.

मुंबई–पुणे: 124 अधिक 40, म्हणजे 164 किमी. भागिले 350. साधारण 28 मिनिटं. चाकं धावपट्टीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा हा वेळ.

तिकिटावर मात्र हा वेळ छापत नाहीत. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून, ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात जमिनीवर रांगत धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे आपला नंबर येण्याची वाट पाहणं आणि उतरल्यावर पुन्हा रांगत जाणं आलं. मुंबईत निघताना यासाठी वीस मिनिटं सहज जातात, पुण्यात उतरल्यावर पाच-सात. शिवाय वेळापत्रक मोडू नये म्हणून कंपन्या थोडी सवड वाढवूनच छापतात. बेरीज एक तासाच्या आसपास जाते.

हीच रीत मुंबई–दाबोळीला, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाला, लावून पाहा. सरळ अंतर सुमारे 424 किमी, अधिक 40, भागिले 550. पन्नास मिनिटं. जमिनीवरची वीस-पंचवीस मिनिटं मिळवली की सव्वा तास, आणि तिकिटावरही साधारण तेवढाच दिसतो. गोव्याला मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. तो पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला आहे. मुंबईपासून तो दाबोळीपेक्षा सुमारे 40 किमी जवळ आहे, पण हवेत वाचणाऱ्या चार-पाच मिनिटांसाठी त्याची निवड करू नका. तुमचं हॉटेल मांद्र्याला आहे की काणकोणला, यावर तासाभराचा फरक पडतो.

तुमचा हिशेब पडताळायचा असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष कधी उडालं, कधी उतरलं ते पाहा. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा हा इतिहास जास्त विश्वासाचा.

पाचवी पायरी: दारापासून दारापर्यंत

समजा, कोथरूडहून अंधेरीला जायचं आहे. साध्या दिवसाचा, म्हणजे ना सुट्टी, ना धो धो पाऊस अशा दिवसाचा हिशेब असा:

- कोथरूड ते लोहगाव: 50 मिनिटं
- उड्डाणाच्या आधी विमानतळावर: 90 मिनिटं
- विमान, जागेवरून जागेपर्यंत: 60 मिनिटं
- उतरणं, सामान, बाहेर येणं: 25 मिनिटं
- विमानतळ ते अंधेरी: 25 मिनिटं

एकूण 250 मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं. यातला हवेतला भाग जेमतेम अर्धा तास.

त्या 90 मिनिटांवर पुष्कळांचा आक्षेप असतो. देशांतर्गत उड्डाणाचा सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि बोर्डिंगचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. फक्त हातातली बॅग असेल, वेब चेक-इन झालेलं असेल आणि चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा चालू असेल, तर 60 मिनिटांत भागू शकतं. पण सकाळी सहा ते नऊच्या गर्दीत ते करू नका. एक-दोनदा जमतं आणि मग नेमकं महत्त्वाच्या दिवशी विमान चुकतं.

गाडीने कोथरूड ते अंधेरी जवळपास 160 किमी, साध्या दिवशी साडेतीन ते साडेचार तास. द्रुतगती मार्गावर कारला सपाटीवर ताशी 100 आणि घाटात 60 ची मर्यादा आहे, आणि कॅमेरे आहेत. 'दोन तासांत पोहोचतो' म्हणणाऱ्याचे दोन तास बहुधा किवळे ते वाशी एवढेच असतात.

रेल्वेने: शिवाजीनगर स्टेशनपर्यंत 25 मिनिटं, गाडीआधी पंधरा, दादरपर्यंत तीन तासांच्या आसपास, तिथून अंधेरी पाऊण तास. सव्वाचार-साडेचार तास. डेक्कन क्वीन, प्रगती, इंद्रायणी, सिंहगड आणि 2023 पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत, सगळ्यांचा वेळ थोड्याफार फरकाने एवढाच. 1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनलाही पूर्ण अंतराला तीन तासांच्या वरच लागतात. कर्जत-लोणावळ्याचा 1:37 चा चढ तेव्हाही होता आणि आजही आहे.

तिन्ही वाटा चार तासांच्या आगेमागे आल्या. मग निवडायचं कशावरून? माझं मत स्पष्ट आहे: मुंबई–पुणे एवढंच जायचं असेल तर रेल्वे. वेळ सारखाच असला तरी त्याची जात वेगळी आहे. गाडीत तीन तास सलग मिळतात. वाचा, झोपा, लॅपटॉप उघडा. विमानाचे चार तास दहा-दहा, वीस-वीस मिनिटांचे तुकडे असतात. कॅब, रांग, तपासणी, पुन्हा रांग, बस, बेल्ट. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना नेताना ही चढ-उतर फार जाणवते. आरक्षण मिळालं नाही तर ई-शिवनेरी आहे, आणि मोजकीच माणसं असतील तर शेअर कॅब. दादरला उतरायचं की ठाण्याला, ते आधी ठरवून थांबा निवडा.

विमाननगर, कल्याणीनगर, खराडीत राहणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. त्यांचे पहिले 50 चे 15-20 होतात, एकूण साडेतीन तास. इथे विमान थोडं पुढे जातं. पण या मार्गावर थेट विमान त्या तारखेला आहे का, हे आधी पाहा, कारण मुंबई–पुणे सेवा कधी चालू असते, कधी नसते.

थेट विमान नसलं की अ‍ॅप दिल्ली, बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे तिकीट दाखवतं. ते सात-आठ तास इथून आलेले असतात. 124 किमी जाण्यासाठी माणसाला दिल्लीपर्यंत नेऊन परत आणणारं तिकीट घाईत काढलं जाऊ शकतं. 'थांबे: 0' हा फिल्टर लावल्याशिवाय पैसे भरू नका.

विमान कधी फायद्याचं, हे ओळखायचा आकडा

वरच्या यादीतून विमानाचा वेळ वगळला तर उरतात तीन तासांहून थोडे जास्त. हा विमानप्रवासाचा ठरलेला खर्च आहे. अंतर शंभर किमी असो वा हजार, तो द्यावाच लागतो. रस्त्याला असा खर्च नाही, पण तिथे प्रत्येक किलोमीटर मोजून वसूल होतो. आपल्याकडे रस्त्याचं अंतर सरळ रेषेच्या सव्वापट धरलं आणि सरासरी वेग ताशी 55-60 किमी धरला, तर दोन्ही वेळा सरळ रेषेतल्या 200 किमीच्या आसपास बरोबरीला येतात. त्याच्या आत रस्ता किंवा रेल्वे. 250 च्या पुढे विमान तास-दीड तास वाचवतं. मधल्या पट्ट्यात तुमचं घर विमानतळापासून किती लांब आहे, त्यावर निकाल.

मुंबई–पुणे 124: नाही. मुंबई–नाशिक, म्हणजे ओझर, सुमारे 158: नाही. मुंबई–कोल्हापूर सुमारे 308: वेळ जुळत असेल तर नक्की, कारण रस्त्याने किंवा रेल्वेने अख्खा दिवस नाहीतर रात्र जाते आणि विमानाचा ब्लॉक टाइम तासाभराचा. पुणे–नागपूर सुमारे 600: विचारच करू नका, विमान.

सहावी पायरी: वाईट दिवसाचा हिशेब

चुकवता न येणारं काही असेल, म्हणजे व्हिसाची मुलाखत, परीक्षा किंवा पुढचं विमान, तर साध्या दिवसाचा आकडा धरून निघू नका. प्रत्येक वाटेचा वाईट दिवस वेगळा असतो.

रस्त्यावर तो लांब सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणि सुट्टी संपतानाच्या रविवारी येतो. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला तरी पुरतो. नकाशात 'निघण्याची वेळ' टाकून पाहिलं तर नेहमीची गर्दी दिसते, अपघात दिसत नाही. पावसाळ्यात दरडींची भीती रस्त्याला आहे, तशी रेल्वेलाही. विमानाला मुंबईच्या ढगफुटीसारख्या पावसात उतरता आलं नाही, तर ते वर थांबतं किंवा दुसऱ्या शहरात नेलं जातं. मुंबई विमानतळ पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सहा तास बंद ठेवतो. ती तारीख आधी जाहीर होते, ती पाहून ठेवा.

माझा ठोकताळा: साध्या दिवसाच्या वेळेत मुंबई–पुण्याला दीड तास मिळवायचा, जून ते सप्टेंबरात दोन.

पुढे परदेशी विमान असेल तर

मुंबई–पुणे विमानाचा खरा उपयोग इथे आहे. पुण्याहून मुंबईमार्गे परदेशी जायचं एकच तिकीट, एकाच पीएनआरवर असेल, तर बॅग लोहगावला द्यायची आणि शेवटच्या शहरात घ्यायची. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं, तर पुढच्या उड्डाणात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. घाटात अडकलेल्या टॅक्सीबाबत अशी जबाबदारी कोणी घेत नाही. बुकिंग करताना पीएनआर एकच आहे का, आणि बॅगेच्या टॅगवर शेवटच्या शहराचं नाव आहे का, या दोन गोष्टी बघाच.

दोन वेगळी तिकिटं काढली, तर ही सगळी सोय जाते. मुंबईत बॅग घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. टर्मिनल 1 सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल 2 सहारला आहे, मधलं अंतर रस्त्याने काटायचं. अशा वेळी मधे किमान चार तास ठेवा.

पुणेकरांनी दिल्लीमार्गे जाण्याचाही हिशेब करून पाहावा. पुणे–दिल्ली सरळ अंतर सुमारे 1,150 किमी, विमानाला दोन तासांच्या थोडं वर. मध्यरात्री मुंबईहून सुटणाऱ्या विमानासाठी दुपारपासून टॅक्सी, घाट आणि सायन-पनवेलची गर्दी झेलण्यापेक्षा एकाच पीएनआरवर दिल्लीमार्गे जाणं पुष्कळदा सुखाचं पडतं.

परत येताना एक गोष्ट लक्षात ठेवा. परदेशातून आल्यावर भारतातल्या पहिल्या विमानतळावर साधारणपणे बॅग ताब्यात घेऊन कस्टममधून जावं लागतं, टॅगवर पुणे लिहिलेलं असलं तरी. मग ती पुन्हा देऊन पुण्याचं विमान धरायचं. त्यामुळे मुंबईत दीड-दोन तासांचं अंतर कागदावर पुरेसं दिसलं तरी तीन तासांचं निवडा.

आणि नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाल्याने पुणेकरांचा हा सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागेल. तो उलवे-पनवेलच्या बाजूला, द्रुतगती मार्गाच्या कळंबोली टोकाजवळ आहे. सायन-पनवेल महामार्ग, वाशीची खाडी आणि अंधेरीपर्यंतची रेटारेटी, हा साध्या दिवशीही तास-सव्वा तासाचा तुकडा तिथे गळतो. पण यात उलटी चूकही होऊ शकते: तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून सहारला पोहोचाल आणि विमान उलव्याहून सुटत असेल. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड पाहा. सहारसाठी बीओएम, नवी मुंबईसाठी एनएमआय. घरातून निघण्याआधी टॅक्सीवाल्यालाही तो नीट समजावून सांगा.